एमिलचं शेवटचं ढकलफाटक

"हळू घे, आता फाटक येईल," ऑटिली म्हणाली.

मी गाडी हळू केली. फाटक काही आलं नाही. खांबांच्या जागी दोन खड्डे, त्यांत ताजी माती, आणि रस्त्यात आडवी नवीकोरी लोखंडी जाळी. तिच्यावर गुरं पाय ठेवत नाहीत, गाड्या मात्र खडखडत निघून जातात.

"गेलं," मी म्हणाले.

ऑटिली माझी थोरली बहीण. तिचा नवरा एमिल पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात ढकलफाटकं बनवायचा. आमच्या टेक्सासात पूर्वी कुरणाकुरणाला ती असत. गाडीतून उतरायचं नाही; बंपर टेकवायचा, ढकलायचं आणि फाटक फिरून परत यायच्या आत सटकायचं. रेंगाळलात की बसलाच दणका! माझ्या गाडीला त्याचा पोचा अजून आहे. एमिल हसायचा. "हुल्डा, फाटकाला कसली लाजतेस? दे धक्का!"

तो गेल्यावर ऑटिलीनं इंटरनेटवरच्या त्या नकाशात, जो लोकच मिळून बनवतात, त्याची एकेचाळीस फाटकं टिपली. लांबलांबचे नकाशेवाले विचारायचे, असलं काही असतं तरी का? ही फोटो पाठवायची. कुणी साध्या फाटकाची खूण लावली, तर भांडून बदलून घ्यायची. पण कुरणं विकली गेली, त्यांचे तुकडे पडले, आणि तीन वर्षांत चाळीस खुणा तिनंच पुसल्या. हे शेवटचं होतं.

तिनं मांडीवरचा टॅब उघडला.

"अगं, राहू दे ना!" मी वैतागले. "या उजाड माळावर कुत्रं तरी फिरकतं का तपासायला?"

"जमिनीवर नाही, ते नकाशात नाही."

"नियम घाल तो चुलीत. तुझ्या नवऱ्याचं आहे ते."

"ओहायोच्या त्या बाईचा पडलेला पूल आठवतो? तिच्या आजोबांनी बांधलेला. राहू द्या, राहू द्या म्हणून किती विनवलं तिनं. मी पुसला." ऑटिलीनं चष्मा सारखा केला. "आता कुठल्या तोंडानं हे ठेवू?"

मला तिचा असा राग आला! आणि रडूही आलं. पण तीच रडत नव्हती, मग मी कशी रडणार?

तिनं खूण पुसली. जाळीची लावली. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत एका बोटानं लिहिलं, 'प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. फाटक नाही.' मग शोधाच्या जागी 'ढकलफाटक' टाकून पाहिलं. आमच्या सबंध काउंटीत एकही सापडलं नाही.

"चल," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

मी गाडी काढली. त्या जागी आल्यावर, चाळीस वर्षांच्या सवयीनं, ऑटिलीनं दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर घट्ट टेकवले. खालून जाळी खडखडली आणि मागे पडली. हात तिनं बराच वेळ तिथंच ठेवले.