वटारचं सुकेळं

ऐक रे, आधी नुसतं ऐक! हसायचं ते नंतर हस.

सायकल रेस होती, वसई ते अर्नाळा आणि परत, दोन फेऱ्या. पहिले तीन थेट पालघर जिल्ह्याच्या टीममध्ये. माझा हा शेवटचा चान्स, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी! मी गणपतीला सांगून टाकलं, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, पण मला टीममध्ये घे. आई म्हणाली, "अरे, साबुदाणा तरी खा!" नाही म्हणजे नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरची सुरुची, ती बीएस्सीवाली, तिने जिन्यातच अडवलं. "संकेत, रात्री तू झोपतोस तेव्हापण लिव्हर साखर वाटत असतं. सकाळी ते अर्धं रिकामं. पायांतली साखर जोरात पेडल मारलंस तर दोनेक तास. मग काय जाळशील?"

"चरबी! मस्त ना, हलका होईन."

"गाढवा, चरबी म्हणजे ओला लाकूडफाटा. जळतो, पण आच नाही धरत. स्पीड कुठून आणशील?"

मी ऐकतोय कसला!

पहिल्या फेरीत मी पुढे, अरे एकटा पुढे! मनात म्हटलं, बघ सुरुची. दुसऱ्या फेरीत अर्नाळ्याहून वळलो, वटारच्या वाड्यांत शिरलो आणि एकदम लाईट गेली. म्हणजे माझी! गार घाम, रस्ता झोकांड्या खातोय. एक गेला, दोन गेले. पाचवा मितेश, आमच्याच क्लबचा. जाताना ओरडतो कसा, "काय रे, हवा गेली? टायरची की तुझी?"

मी पाय टेकला. बाजूच्या अंगणात एक काकी राजेळी केळी उन्हात पालटत होत्या, सुकेळी करायला. मटिल्डाकाकी, नाव नंतर कळलं. माझं तोंड बघून धावतच आल्या, हातात सुकेळं.

"घे, खा."

"उपास आहे, काकी."

"मग? केळं काय मटण आहे? अरे, मुंबईला पाठवतो ती तुमचे लोक उपासालाच तर खातात!"

"तसं नाही, मी चंद्रापर्यंत काहीच नाही म्हणून बोललोय."

"कोणाला?"

"गणपतीला."

"मग त्यालाच बसव सायकलवर!"

खाल्लं रे. दोन खाल्ली. वर तांब्याभर पाणी. आणि निघालो. आधी काहीच नाही, नुसतं ढकलतोय. मग दहाएक मिनिटांत रस्ता सरळ झाला, अरे खरंच सरळ! पायांत आच आली. एकाला गाठलं, दुसऱ्याला गाठलं. शेवटच्या वळणावर मितेश पुढे. त्याच्या कानाशी ओरडलो, "हवा भरून आलो रे!" आणि अर्ध्या चाकाने तिसरा! बघायला आलेली सुरुची दोरीवरून उडी मारून आत. टीममध्ये, यार! जिल्ह्याच्या टीममध्ये!

आई आता म्हणते, दिलेला शब्द मोडलास. सुरुची म्हणते, असा शब्द द्यायलाच नको होता. मी म्हणतो, मी उपाशीपोटी पडणार हे बघून ती काकी गणपतीनेच तिथे उभी केली असेल. पण तू खरं सांग. एक पाय जमिनीवर, हातात सुकेळं, पाचजण पुढे निघून गेलेत, आणि तू गणपतीला बोलून बसलायस. तू काय केलं असतंस?