जगन्नाथचं स्टेजवरचं भाषण

सुनेत्रा बोरवणकर नवऱ्याशी सगळं बोलायची, एक विषय सोडून. अमेरिकेतल्या आयसेलिनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने, म्हणजे जगन्नाथने, ठोकलेलं भाषण! त्याचं नाव काढलं की घरात चहासुद्धा गार व्हायचा.

त्या वेळी ती कॉन्फरन्सला गेली होती. आणि या गृहस्थाने काय करावं? तिच्या टेबलावरची, तिनेच बनवलेली नवी झडप उचलून खिशात घातली नि स्टेजवर चढून सगळ्यांना दाखवली! शेंगदाण्याएवढी ती झडप अगदी लहानग्या बाळांच्या सलाईनमधला हवेचा बुडबुडा अडवायची. अमेरिकेत आधी बोलून बसलात तरी वर्षाच्या आत पेटंटचा अर्ज करता येतो. युरोपचा कायदा मात्र महाकडक. अर्जाआधी शोध चारचौघांत उघड झाला की त्याचं नवेपण संपलं. मंडळाने हौसेने व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होताच. तिकडची एक बडी कंपनी तशीच झडप बनवायला टपलेली; तिने पेटंटला हरकत घेऊन तो व्हिडिओ पुढे केला आणि पहिल्या फेरीत सुनेत्राचं युरोपातलं पेटंट रद्द झालं.

तिच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. जन्मभर ती दुसऱ्यांच्या लॅबमध्ये राबली, आणि शोधावर नाव कायम साहेबांचं. रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये बसून केलेलं हे पहिलं काम तिच्या एकटीच्या नावावर होतं. ते घालवलं कुणी, तर घरच्याच माणसाने! तिने तो व्हिडिओ बघायला साफ नकार दिला. जगन्नाथ बिचारा न सांगता भांडी घासायला लागला.

अपिलासाठी तिला म्युनिकमधली वकील मिळाली, वल्लरी, मूळची साताऱ्याची. तिने फोनवर समजावलं, "काकू, अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून डाव मांडणं नाही. आधीचा निर्णय बरोबर होता का, एवढंच ते तपासतात. ऐनवेळी नवा पुरावा नेला तर सहसा घेत नाहीत. पण समोरच्यांनी भाषणाच्या सुरुवातीच्याच तुकड्याचं भाषांतर दिलंय. मी अख्खं ऐकलं. तुम्हीपण एकदा..."

"मला नाही ऐकायचं," सुनेत्रा म्हणाली.

सुनावणी ऑनलाइन होती. म्युनिकमध्ये जेवणं उरकून दुसरं सत्र सुरू झालं, तेव्हा आयसेलिनमध्ये सकाळचा दुसरा चहा झाला होता. सुनेत्रा लॅपटॉपसमोर ताठ बसली होती आणि जगन्नाथ दाराशी उभा होता, आत यायची हिंमत नव्हती.

वल्लरीने पूर्ण व्हिडिओ लावायची विनंती केली. कंपनीचा वकील उसळला, "हा नवा पुरावा आहे!"

"नवा कसा?" सुनावणीच्या अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "हे रेकॉर्डिंग तुम्हीच दिलंत. पहिल्या फेरीपासून फायलीत आहे."

व्हिडिओ सुरू झाला. खाली इंग्रजी अक्षरं, आणि वर सिल्कचा झब्बा घातलेला जगन्नाथ.

"ही बघा, माझ्या बायकोने केलीय! आत काय आहे ते मला विचारू नका, मला ओ की ठो कळत नाही. पण आयुष्यभर हिने राबायचं आणि नाव साहेबांचं लागायचं, ते मी बघितलंय. पार्ट्यांमध्ये सगळे मलाच विचारायचे, तुम्ही काय करता? अहो, तिला विचारा! मी फक्त तिचा नवरा आहे, आणि मला त्याचाच माज आहे!" पुढच्या रांगेतून कुणीतरी हात पुढे केला. जगन्नाथने झडप चटकन खिशात टाकली. "अंहं! हात नाही लावायचा. न विचारता आणलीय. कळलं तर घरात घेणार नाही मला!"

तिकडे एक न्यायाधीश चक्क हसले. सुनेत्राला स्क्रीन दिसेनाशी झाली. किती वेडी मी, तिला वाटलं, हे ऐकायलाच तयार नव्हते.

निकाल त्याच बैठकीत सांगितला. शोध होता झडपेच्या आतल्या, बुडबुडा अडवणाऱ्या घडीत. ती घडी त्या दिवशी कुणाला दिसली नाही, कुणी सांगितली नाही, कुणाच्या हाती लागली नाही. आधीचा निर्णय रद्द, पेटंट कायम. अध्यक्षबाईंनी शोध लावणारीचं नाव वाचलं. उच्चार पार मोडका होता, तरी सुनेत्राचा ऊर अभिमानाने भरून आला.

ती उठली, टेबलावरची झडप घेतली आणि दाराशी जाऊन जगन्नाथच्या तळहातावर ठेवली.

"न विचारता न्यायची गरज नाही आता," ती म्हणाली. "यंदाच्या गणपतीला घेऊन चल. स्टेजवर मीपण येते. आत काय आहे ते मी सांगेन."