दुरुस्ती चारचे उत्तर

दुपारी तीनच्या सुमारास बसस्थानकावरील पर्यवेक्षकाचा वायरलेस खरखरला.

"दुरुस्ती चार, उत्तर द्या."

नियंत्रण कक्षाने तीनदा पुकारले. परंतु उत्तर आले नाही. पर्यवेक्षकाच्या पायांखालची जमीन सरकली. बिघडलेल्या बसगाड्यांच्या मदतीस धावणारी 'दुरुस्ती चार' ही गाडी त्याचा धाकटा भाऊ चालवीत असे. "दादा, ब्रेक सैल लागतोय," असे त्याने सकाळीच सांगितले होते. "नवरदेवासारखे नखरे करू नकोस, ने गाडी!" असे म्हणून दादानेच त्याला पिटाळले होते.

वायरलेसवर हाक गाडीच्या क्रमांकाने द्यावयाची, माणसाचे नाव घ्यावयाचे नाही, असा सक्त नियम होता. तो नियम झुगारून पर्यवेक्षक ओरडला, "टिल्लू! अरे, कुठे आहेस?"

मग 'दुरुस्ती सहा'मधून भावाचा आवाज आला, "दादा, मी मिस्त्रीकाकांच्या सहावर आहे. ते म्हणाले, तुझी लेकरं लहान आहेत, माझी गाडी घे. चार तेच घेऊन गेलेत."

पर्यवेक्षकाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी त्या सुखाची त्याला विलक्षण लाज वाटली.

"दुरुस्ती चार, उत्तर द्या," पुन्हा पुकारा झाला.

त्याने बटण दाबले. "नियंत्रण, चारचा ब्रेक सैल होता. मला सांगितलं होतं, तरी मीच गाडी सोडली. आधी उताराच्या रस्त्यावर माणसं पाठवा."