हनीफभाईंचा कान

एलपीचा आवाज तो एलपीचा, असं मी माझ्या घरच्या रविवारच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवायचो. जळगावात पाइपचा धंदा सांभाळून चारशे रेकॉर्ड जमवल्या, बहुतेक नव्या छपाईच्या. धुळ्याहून प्लेअर दुरुस्तीला येणाऱ्या हनीफभाईंनी एक रेकॉर्ड ऐकून माझा तोरा एका वाक्यात उतरवला.

"शेठ, ही कंप्युटरमधल्या आवाजावरून कापलेली आहे. बाटली काचेची, दूध पावडरचं."

बैठकीतला माझा मित्र हेमराज पोट धरून हसला. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात तेच छापलेलं निघालं. तेव्हापासून माझ्याच घरात रेकॉर्ड लागली की लोक हनीफभाईंच्या तोंडाकडे बघायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यांचा मुलगा रेहान बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. माझ्या मुलीच्या, मेघाच्या वरातीत त्याने वाजवलेलं मी मोबाइलवर घेतलं होतं. त्याला लहानपणापासून दमा. प्रत्येक ओळीआधी सूं करून श्वास ओढायचा, आणि हनीफभाई त्यावरून त्याला चारचौघांत झापायचे. दोन वर्षांपूर्वी नरडाण्याजवळ तो ट्रकखाली सापडून गेला.

ते रेकॉर्डिंग मी पुण्याच्या एका स्टुडिओला पाठवलं. वरातीचा गोंगाट काढा, म्हटलं, आणि तो श्वासही काढा. त्यावरून एकच तबकडी कापून घेतली.

रविवारी बैठक भरली. मी कव्हर न दाखवता सुई ठेवली. "सांगा हनीफभाई, कशी आहे?"

त्यांनी डोळे मिटले. ओळ संपली, दुसरी संपली. मग त्यांनी मान हलवली. "कंप्युटरची. आणि वाजवणारा मुर्दा आहे शेठ. याला छातीच नाही."

याच वाक्यासाठी मी महिनाभर थांबलो होतो.

"तो तुमचा रेहान आहे," मी म्हणालो. "बापाला पोराचा हात ओळखता येत नाही, मग कसला कान?"

कोणी हसलं नाही. हेमराज खाली बघत राहिला. हनीफभाई उठून प्लेअरजवळ आले आणि त्यांनी सुई पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली. आता चाल ओळखून त्यांची बोटं मांडीवर हलत होती, आणि ओळ संपली की जिथे श्वास यायला हवा तिथे थांबत होती.

"त्याचा श्वास कुठे गेला?"

"साफ करताना काढला. तुम्हालाच आवडत नव्हता ना?"

त्यांनी माझा हात धरला. या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "शेठ, कान नाही मला, मान्य. सगळ्यांसमोर सांगतो. फक्त ते पहिलं द्या, श्वासासकटचं. एकदा ऐकू द्या."

त्यांचा कान बरोबर होता. ते मला माहीत होतं, आणि त्याचाच मला राग होता.

"डिलीट झालं," मी म्हणालो. मोबाइल माझ्या शर्टाच्या खिशात होता.