डाव्या बाजूच्या गाठी

सुतारबाबांनी जन्मभर लोकांची दारं-कपाटं केली आणि निवृत्त झाल्यावर थेट लढाऊ जहाज करायला घेतलं. खरं नव्हे हो, टेबलावर मावेल एवढं. जुन्या काळच्या शिडाच्या जहाजाचा लाकडी नमुना. तोफा बसल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, उजव्या बाजूच्या दोरांच्या शिड्याही बांधून झाल्या, आणि नेमका तेव्हाच हातांना कंप सुटला. पेल्यातलं पाणी हिंदकळायचं, तिथे केसाएवढ्या दोऱ्याची गाठ कुठली बसायला! पण म्हातारा हट्टी. रोज सकाळी डाव्या बाजूच्या थोड्या गाठी मारायच्या आणि त्या सैल पडल्यात याकडे डोळेझाक करून जेवायला उठायचं.

नवल म्हणजे, दुपारी झोपून उठावं तर गाठी घट्ट! "जुनी हाडं आहेत ही, अजून पक्की," असं शेजाऱ्याला ऐकवूनही झालं.

मग एकदा त्यांनी भिंग लावलं आणि सगळी फुशारकी जागच्या जागी जिरली. डावीकडची प्रत्येक गाठ उलट्या वळणाची होती. घरात डावखुरी एकच, सून. पहाटेची पाळी करून दमून आलेली ती, आपण घोरत असताना हे करत बसते? बाबांचं डोकं असं तापलं की जहाज माळ्यावरच टाकायचं ठरवून त्यांनी ते उचललं.

उचलल्यावर ते समोरून दिसलं. उजवीकडे त्यांच्या गाठी, डावीकडे तिच्या. आरशात पाहावं तशा जुळलेल्या. जहाजाच्या मूळ आराखड्यातही दोन्ही बाजू तशाच होत्या. हात धड असते तरी त्यांच्या उजव्या हाताला हे जमलं नसतं. बाबांनी जहाज हळूच खाली ठेवलं. डोळे भरून आले होते.

"सूनबाई!"

ती आली. टेबलावरचं भिंग पाहून तिचा चेहरा उतरला. "बाबा, मी आपलं सैल झालेलं तेवढंच..."

"खोटं बोलू नकोस, तुला येत नाही ते."

"रागावलात?"

"रागावलो होतो. आता नाही. फार उपकार केलेस, पोरी. यापुढे गाठी तू मार, दोरा मी ओढून देतो. पण संध्याकाळी. दुपारी तू झोपायचंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी आला आणि दारातूनच ओरडला, "काय जुनी हाडं, झालं का जहाज?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "उजवी बाजू माझी, डावी सुनेची. आणि डावीच जास्त सुबक आहे. झोपलीय ती."