मी फळी सरकू दिली

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, मी सूड घेतला आहे, आणि तोही चर्चमध्ये.

१९८४ साली ठाण्याच्या नौपाड्यात महिपत मिस्त्रींनी मला घडवलं. सागवानाचं अंग, पितळेचे सूर. माझ्या पट्ट्यांची फळी डावी-उजवीकडे सरकवता येई. मग पट्टी तीच दाबली तरी सूर चढे किंवा उतरे. मीराबाईंनी मला रिक्षात मांडीवर घेऊन चर्चमध्ये आणलं. त्या नगरकडच्या. वागळे इस्टेटमध्ये बाटल्यांना लेबलं लावायच्या आणि रविवारी मराठी मिस्साचं, म्हणजे सामुदायिक उपासनेचं, गायनमंडळ चालवायच्या. गाण्याआधी त्या फळी बघत, कडी लावत, भात्यावरची धूळ पदरानं पुसत. नऊ वर्षं लग्नाला, बाप्तिस्म्याला, मयताला मीच सूर दिला.

मग आग्नेल सर नवे गायनप्रमुख झाले. सोबत विजेवरचा कीबोर्ड घेऊन आले. पहिल्याच तालमीला सगळ्यांदेखत म्हणाले, "मीराबाई, तुम्ही आता मागच्या बाकावर बसा. ही पेटी भजनाला ठीक आहे, इथं नको."

बाई माझी कडी लावून मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मला मागच्या खोलीत मेणबत्त्यांच्या खोक्यांखाली टाकलं. उंदरांनी भात्याचा कोपरा कुरतडला, फळीची कडी सैल झाली. मी वाट बघत राहिले.

वर्षभरानं गुड फ्रायडे आला. आमच्याकडे रीत अशी, की गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत चर्चमध्ये ना घंटा वाजत, ना वाद्य. कीबोर्ड फादरांच्या बंगल्यात कुलूपबंद होता. दुपारी तीनच्या उपासनेत गीत नुसत्या गळ्यानं म्हणायचं, आणि पहिल्या ओळी आग्नेल सरांनी एकट्यानं. सूर कुठून घेणार? अडीच वाजता ते माझ्याकडे आले. त्यांनी खोकी ढकलली, तशी मी फळी तीन घरं वर सरकू दिली. त्यांनी फळीकडे पाहिलंच नाही. भाता हलवून काळी एक दाबली आणि आलेला सूर गुणगुणत निघून गेले.

घंटेऐवजी लाकडी खटखट्या वाजला. सरांनी गीत उचललं. दुसऱ्या ओळीला चाल वर चढते. तिथं त्यांचा आवाज चिरकला. पुन्हा घेतली, पुन्हा चिरकला. मंडळातल्या बायांनी तोंडं मिटून घेतली. भिंतीपलीकडे मी ऐकत होते आणि मला फार गोड वाटत होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून मीराबाईंनी तीच ओळ खालच्या सुरात उचलली, आणि अख्खं चर्च त्यांच्यामागून गाऊ लागलं.

उपासना संपल्यावर सर बाईंना घेऊन मागच्या खोलीत आले. पेटी बिघडलीय, भंगारात द्या, म्हणाले. बाईंनी बोटानं फळी जागेवर आणली.

"पेटी बरी आहे, सर. हात लावायच्या आधी फळी बघायची असते. कळव्यात मी पेटी शिकवते त्या पोरीसुद्धा बघतात."

"मग हे मला सांगायचं नाही का?"

"मागच्या बाकावरून?" बाई म्हणाल्या.

ईस्टरला फादरांनी मला पुढं आणवलं. बाई वाजवायला बसल्या आणि सर त्यांच्यासाठी वही धरून उभे राहिले. त्या दिवशी प्रवचन क्षमेवर होतं. ते मी ऐकलं, पण मी लाकडाची आहे. आता दर रविवारी सर माझा भाता पुसतात, तेव्हा मी त्यांच्या नाकात थोडी धूळ सोडते.

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी ती आजवर कोणी जपली, हे विचारा आणि त्या माणसाचा मान राखा. मला खोक्यांखाली टाकलं, ते मी एक वेळ विसरले असते. बाईंना मागच्या बाकावर बसवलं, ते नाही.