वाळवणाचं मैदान

जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासात बजरंग फुटबॉल क्लबाचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, असं वैजनाथ दर पंधरा ऑगस्टला शाळेपुढं सांगायचा. तूर्तास ते पाण्याच्या टाकीवर चुन्यानं लिहिलं होतं. बाहेरगावी जायचं, हरायचं, जीपच्या टपावर बसून परत यायचं, एवढाच इतिहास. गावात सामना कधी झालाच नाही, कारण मैदानच नव्हतं.

वैजनाथ गोलकीपर. गुडघे कुरकुरायला लागले होते. खेळ सुटायच्या आत एकदा आपल्या माणसांपुढं खेळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून दिवाळीपासून पोरांना घेऊन त्यानं गायरानाचा तुकडा साफ केला. दगड वेचले, मुरूम टाकला, रोलर फिरवला, बल्ल्या रोवून गोल उभे केले. कुरुंद्याची टीम रविवारी यायला कबूल झाली.

रविवारी सकाळी बघतो तर या गोलापासून त्या गोलापर्यंत शिजवलेली हळद पसरलेली. हळदवाले उकंडराव बल्लीला टेकून तंबाखू मळत होते.

"काका, हे काय करून राहिले?"

"वाळवण."

"आज म्याच हाय इथं!"

"व्हय का? पर जागा लई झ्याक केली तुमी. एक खडा लागंना हाताला."

"खेळायला केली ती!"

"मंग खेळा की. मी काहून अडवू? हळदीवर पाय देऊ नका, म्हंजे झालं."

तेवढ्यात जीप आली. कुरुंद्याचा कप्तान हरीश बूट घालूनच उतरला. वैजनाथासारखी त्याच्याही घरी हळदच. त्यानं एक कांडी मोडून बघितली. मोडेना, नुसती वाकली.

"वली हाय अजून. आठ दिस तरी हलवू नका."

"घे," उकंडराव म्हणाले, "पाहुणा बी तेच म्हणतोय."

सामना बघायला आलेलं गाव हळदीभोवती उभं राहिलं. मग वावटळ उठली, आभाळ काळवंडलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन्ही टीमा हळद सावडायला धावल्या. ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं उचलली तसा वैजनाथानं गोलातून सूर मारला आणि तिच्यावर आडवा पडला. गावानं टाळ्या वाजवल्या.

"सोडू नका हो!" बायको शिवकन्या ओरडली.

त्यानं सोडली नाही. टाळ्यांचं त्याला फारसं काही वाटलंही नाही. गुडघा तेवढा फुटला.

पाऊस चार थेंब पडून गेला. कुरुंद्याची पोरं चहा पिऊन गेली. उकंडरावांनी हळद पुन्हा पसरली.

ती वाळून उचलली, त्या दिवशी वैजनाथानं तिथं आपली हळद पसरली.